दर माणशी दोन

माणसाचं वय, त्याची मिळकत आणि त्याची भूक या तीन गोष्टी त्यालाच विचारून कधीही नक्की करू नयेत. पहिल्या दोन बाबतींत दाखले, पावत्या अशी काहीतरी सोय असते. तिसरीची मात्र कुठेच नोंद नाही. माणूस सत्तर वर्षं दिवसातून दोनदा जेवतो आणि शेवटी एकंदर किती खाऊन गेला, हे त्याच्या सख्ख्या मुलालाही सांगता येत नाही. एवढा मोठा वापर, आणि कागदावर एक ओळ नाही. कुठल्याही जबाबदार माणसाची झोप उडावी अशी ही परिस्थिती आहे. पण ती उडाली एकट्या दादांची.

दादा चार भावंडांत थोरले, म्हणून दादा. एका यंत्रांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं कोठारप्रमुख होते. नट, बोल्ट, वायसर, पट्टे, ग्रीसचे डबे असा साडेसहा हजार वस्तूंचा संसार त्यांनी सांभाळला, आणि त्यांच्या कारकिर्दीत एक वायसरसुद्धा सहीशिवाय दाराबाहेर पडला नाही. (एकदा आवारात आग लागली, तेव्हा वाळूच्या बादल्याही त्यांनी मागणीपत्र पाहूनच सोडल्या. मागणीपत्र चटकन आलं, म्हणून नुकसान एका शेडवर भागलं.) कोठारातल्या प्रत्येक खणाला पुठ्ठ्याचं एक कार्ड लटकवलेलं असे. त्याला बिन कार्ड म्हणतात. किती आले, किती गेले, किती राहिले, हे त्यावर लिहायचं. खणात माल किती आहे हे बघायला दादा कधी खणात डोकावले नाहीत. ते कार्ड बघत. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, आणि निरोपाच्या घड्याळाबरोबर ही सवयही घरी घेऊन आले.

या घरात वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीच्या दिवशी, सगळं कुटुंब दुपारी एकत्र जेवतं. भावंडं, त्यांची मुलंबाळं, सुनांची माहेरची माणसं आणि कुणी बोलावलं नाही तरी न चुकता येणारे एक मामा, अशी, वाढणाऱ्या दादांना सोडून, एकूण एक्केचाळीस डोकी. या जेवणात काय किती करायचं, हे सलग पंचवीस वर्षं वहिनींनी ठरवलं. (वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. दीर-नणंदांनी वहिनी म्हणायला सुरुवात केली, आता भाजीवालासुद्धा वहिनीच म्हणतो.) त्यांची पद्धत अशी, की आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहायचं, छताकडे बघायचं, एकेक माणूस डोळ्यांपुढे आणायचा आणि म्हणायचं, "एवढं पुरे." या पद्धतीला कसलाही शास्त्रीय आधार नाही. तिच्यात दोष एवढाच होता की पंचवीस वर्षांत एकदाही कमी पडलं नाही, आणि त्यामुळे ती सुधारण्याची संधी कुणाला मिळाली नाही.

ती संधी गेल्या वर्षी मिळाली. शेवटच्या पंगतीत रोट्या संपल्या. (वहिनींच्या अंदाजात दहा टक्के कपात दादांनीच सुचवली होती. ही बाब त्यांच्या चौकशी अहवालात जागेअभावी आलेली नाही.) आणि संपल्या त्या नेमक्या मास्तरांच्या पानापाशी.

मास्तर म्हणजे दादांच्या धाकट्या भावाचे सासरे. शिंपी आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकटेच राहतात, सकाळी चहा आणि संध्याकाळी स्वतःच्या हातचं काहीबाही, असं चाललेलं असतं. दोन बस बदलून ते या जेवणाला येतात. जेवायला बोलावलं असेल तर सकाळी काही खायचं नाही, उपाशीच जायचं, हा त्यांचा जुना शिष्टाचार. गेल्या वर्षी त्यांच्या तीन रोट्या झाल्या, चौथीसाठी त्यांनी मान वर केली, आणि टोपली रिकामी परत चालली होती. मास्तर म्हणाले, पोट भरलं. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला, कारण तो ठेवण्यातच सगळ्यांची सोय होती. फक्त त्यांच्या मुलीने ठेवला नाही. ही मुलगी म्हणजे धाकट्याची बायको, घरातली धाकटी. त्या दिवसापासून वर्षभर ती दादांच्या घराचा जिना चढली नाही. यंदा आमंत्रणाचा फोन गेला तेव्हा ती शांतपणे एवढंच बोलली.

"येऊ आम्ही. पण यंदाही बाबा अर्धपोटी उठले ना दादा, तर पुढच्या वर्षीपासून आमची पानं मांडू नका."

दादांनी फोन ठेवला. वडील लवकर गेले होते. धाकट्याची पाटी, त्याचा गणवेश, त्याची पहिली सायकल, त्याचं लग्न, सगळं दादांनी केलं होतं. त्याच्याविना सुट्टीचं जेवण म्हणजे काय, याची कल्पनाही त्यांना करवेना. दुसरा कुणी असता तर त्याने धाकटीची माफी मागितली असती आणि रोट्या जास्त करायला सांगितल्या असत्या. पण हे झाले वरवरचे उपाय. दादांनी दुखण्याच्या मुळाला हात घातला. त्यांनी फॉर्म तयार केला.

फॉर्मचं नाव होतं 'क्षुधा-घोषणापत्र'. जेवणाच्या एक महिना आधी तो एक्केचाळीस जणांना पोचता झाला. त्यात रोटी, भात, भाजी, रस्सा, गोड, सरबत, पाणी आणि चहा असे आठ रकाने होते, आणि प्रत्येकापुढे 'मी साधारणतः इतके घेतो/घेते' असं लिहून मोकळी जागा होती. खाली सहीची ओळ. लहान मुलांसाठी पालकांची सही. 'माहिती गुप्त ठेवण्यात येईल' असं छापायचं दादांच्या मनात आलं होतं, पण गुप्त ठेवायची तर गोळा कशाला करायची, असा प्रश्न त्यांनाच पडला आणि ती ओळ त्यांनी काढून टाकली.

वहिनींनी आपला फॉर्म हातात घेऊन उलटसुलट केला.

"अहो, माणसं जेवायला येतायत की माल उचलायला?"

हा प्रश्न प्रक्रियेच्या बाहेरचा असल्याने त्याला उत्तर देण्यात आलं नाही.

आठवडाभरात फॉर्म परत आले आणि एक मोठं सत्य उजेडात आलं. ते असं की या कुटुंबात कुणीही काहीही खात नाही. रोटीच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा तीन होता, आणि तो लिहिणाऱ्याने पुढे 'फार तर' असं जोडलं होतं. दादांच्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, 'एक' लिहिलं होतं. (ताईंचं वजन हा कौटुंबिक जिव्हाळ्याचा विषय आहे, त्याबद्दल इथे बोलणं बरं दिसणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्या बसल्या ती खुर्ची बदलावी लागली, एवढं नोंदवून ठेवू.) व्यायामशाळेत जाणाऱ्या भाच्याने रोटीपुढे फुली मारून 'फक्त उकडलेलं' असं लिहिलं. गोडाच्या रकान्यात एकोणतीस जणांनी 'चवीपुरतं' म्हटलं होतं. गेल्या वर्षी याच एकोणतीस जणांनी चवीपुरतं खाऊन गोडाचा टोप इतका स्वच्छ केला होता की तो घासायला टाकावा की तसाच फडताळात ठेवावा, असा वहिनींना प्रश्न पडला होता. मामांनी सगळ्या रकान्यांत मिळून एकच शब्द लिहिला होता: 'प्रेमाने'.

आणखी दोन फॉर्म अपूर्ण निघाले. वहिनींनी सगळीकडे 'बघू' लिहिलं होतं. आणि मास्तरांनी रोटीपुढे, शिंप्याच्या बारीक टोकदार अक्षरात, 'पोट भरेपर्यंत' असं लिहिलं होतं.

दादा या फॉर्मपाशी बराच वेळ अडले. एक्केचाळीस घोषणापत्रांत खरं लिहिलेलं हे एकच होतं. पण खरं असून उपयोग काय? त्याची बेरीज होत नव्हती. 'पोट भरेपर्यंत' अधिक दोन किती? शेवटी नियम काय सांगतो ते दादांनी पाहिलं. (नियम त्यांनीच त्या दिवशी सकाळी केला होता.) ज्या घोषणापत्रात आकडा नसेल, त्याला सरासरी लागू करावी. सरासरी निघाली दोन. मामा, वहिनी आणि मास्तर यांच्या नावापुढे लाल शाईने 'दोन' पडले आणि एकूण बेरीज झाली ब्याऐंशी रोट्या.

आता दादा काही भोळे नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी मागणीपत्रं वाचली होती, आणि मागणारा माणूस खरा आकडा कधीच लिहीत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात लोक दहा बोल्ट हवे असले की पंधरा लिहीत. इथे पाच रोट्या हव्या असल्या की दोन लिहितात, एवढाच फरक. गेल्या वर्षी दोनशे रोट्या लागल्या होत्या आणि तीसेक कमी पडल्या असाव्यात, म्हणजे खरी गरज दोनशे तीस. भागिले ब्याऐंशी. उत्तर आलं दोन पूर्णांक ऐंशी शतांश. हाच तो 'संकोच-गुणांक'. सोयीसाठी आणि सुना जास्तच संकोचतात म्हणून तो तीन धरण्यात आला. ब्याऐंशी गुणिले तीन, दोनशे शेहेचाळीस रोट्या. त्याच हिशोबाने भात, त्याच हिशोबाने रस्सा. पाणी दर माणशी तीन पेले, त्यातला एक सांडण्यासाठी. चहा प्रत्येकी दोन कप, मग तो 'आता नको' म्हणो वा न म्हणो. सरबताबाबत ताईंनी आपण होऊन फोनवर सल्ला दिला, की त्यांच्या सासरी पाहुणे आले रे आले की दोन-दोन पेले गोड सरबत पाजतात, मग निम्मी पंगत आपोआप आटोपते. ही क्लृप्ती दादांना नीतीला धरून वाटली नाही. त्यांनी जेवण होईपर्यंत सरबताला बंदी केली. माणसं भरपूर जेवावीत, हीच त्यांची मनापासूनची इच्छा होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यावरून तसं वाटणार नाही.

वहिनींना दोनशे शेहेचाळीसचा आकडा कळला तेव्हा त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मीही साधारण अडीचशेच धरल्या होत्या. एक महिना, एक्केचाळीस फॉर्म आणि दीड वही खर्चून शास्त्र आणि छत यांच्यात अवघ्या चार रोट्यांचा फरक आला. इथे थांबता आलं असतं. गोष्ट इथे संपली असती आणि मास्तर पोटभर जेवले असते. पण पद्धतशीर माणूस आकडा मिळाला म्हणून थांबत नाही. आकड्याची अंमलबजावणी बाकी असते.

अंमलबजावणी दोन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा पारदर्शकतेचा. सुट्टीच्या आठ दिवस आधी दादांनी सगळ्यांच्या घोषणांचा तक्ता कुटुंबाच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकला. कुणाच्या काही दुरुस्त्या असल्यास कळवाव्यात, अशी विनंती केली. तो तक्ता सगळ्यांनी पाहिला, आणि आपापला नव्हे, दुसऱ्याचा आकडा आधी पाहिला. ताईंची 'एक' घराघरांत वाचली गेली. ज्याने तीन लिहिल्या होत्या त्याला बायकोने विचारलं, सगळ्यांत जास्त तुमच्याच का? दुरुस्त्या आल्या पाच. पाचही आकडा खाली आणणाऱ्या. (बेरीज बिघडते म्हणून दादांनी त्या फेटाळल्या.) मास्तर या ग्रुपवर नाहीत. त्यांचा फोन बटणांचा आहे आणि तो बहुतेक वेळा कापडांच्या ढिगाखाली असतो.

दुसरा टप्पा कार्डांचा. बैठकीच्या खोलीत आणि गॅलरीत मिळून एक्केचाळीस पानं मांडली होती. दोन दारं बिजागऱ्यांतून काढून ती लोखंडी घोड्यांवर आडवी टाकून टेबलं केली होती आणि त्यांवर चादरी पसरल्या होत्या. गेल्या वर्षीसारखी शेवटची पंगत नकोच, सगळे एकदम बसतील, असं दादांनी ठरवलं होतं. प्रत्येक पानापुढे पेल्याला टेकवून एक पांढरं पुठ्ठ्याचं कार्ड उभं होतं. वर नातं किंवा नाव, खाली घोषित केलेला आकडा, आणि त्याच्याशेजारी रिकामा रकाना: 'गेले'. वाढणाऱ्याच्या कानावर पेन्सिल. एक रोटी वाढली की एक उभी रेघ. हेतू अगदी स्वच्छ होता. कुणाला वाढायचं राहून जाऊ नये, विशेषतः मास्तरांना. घोषित आकडा ही किमान मर्यादा आहे, त्यापुढे हवं तेवढं घ्यावं, असं दादांच्या मनात होतं. फक्त ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं, आणि जे कार्डावर नाही ते अस्तित्वात नाही, हे दादांनीच सगळ्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं.

दुपारी दीडला सगळे जमले. दादांनी दारात उभं राहून एकेकाचं स्वागत केलं आणि एक गोष्ट त्यांच्या अनुभवी नजरेतून सुटली नाही: कुणालाही घाई नव्हती. दरवर्षी माणसं जिन्यातूनच विचारत यायची, काय काय केलंय म्हणून. यंदा सगळी संथ, तृप्त, डोळे जड झालेली. भाच्याच्या दाढीत भाताचं शीत होतं. ताईंच्या घरी त्या दिवशी साडेअकरालाच पानं वाढली गेली, हे नंतर ताईंच्या नातीने भर पंगतीत सांगितलं. एकट्या ताईंचंच कशाला? झालं होतं असं, की आठ दिवस आपला आकडा चारचौघांत लटकलेला पाहून प्रत्येकाने तोच विचार केला. दोन लिहिलंय, आता दोनच खावं लागणार. दोनने तर काही होत नाही. मग निघण्याआधी घरीच आटपून घेतलेलं बरं. शिवाय गेल्या वर्षी कमी पडलं होतं, यंदा पडणार नाही कशावरून? तेव्हा एकोणचाळीस माणसं स्वतःच्या शब्दाला जागण्यासाठी घरून जेवून आली. एवढं सचोटीचं कुटुंब शोधून सापडणार नाही.

उपाशी पोटी आले ते फक्त मास्तर. पहाटे उठून, एक कप चहावर, दोन बस बदलून. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत वहिनींसाठी शिवलेल्या चार उशांच्या खोळी. दादांनी त्यांना मुद्दाम टेबलाच्या मधोमध बसवलं आणि वाढायला स्वतः उभे राहिले. समोरच धाकटी बसली होती, आणि तिचं लक्ष आपल्या ताटाकडे नव्हतं.

जेवण सुरू झालं. त्या दिवसाइतकी शिस्तबद्ध पंगत दादांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ज्याच्या कार्डावर एक, त्याने एकीवर हात आखडला. दोनवाले दोनवर थांबले. पेन्सिलीच्या रेघा आणि घोषित आकडे तंतोतंत जुळत गेले. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. मामांनीसुद्धा आपलं प्रेम दोनात बसवलं. आग्रह केला की माणसं कार्डाकडे बोट दाखवायची आणि हसायची. खोलीत चमचे वाजत होते, पण भूक लागलेल्या माणसांच्या पंगतीत जो एक आवाज असतो, तो नव्हता.

मास्तरांची दुसरी रोटी संपली तेव्हा त्यांनी मान वर केली. दोन्ही बाजूंची ताटं शांत झाली होती. त्यांच्या कार्डावर दोनचा आकडा आणि दोन रेघा होत्या. दादा टोपली घेऊन अगदी शेजारी उभे होते, टोपली भरलेली होती, रोट्यांची वाफ मास्तरांच्या चष्म्यावर येत होती. दादांनी विचारलं, वाढू ना? पण विचारताना सवयीने त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला. मास्तरांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा आजूबाजूला पाहिलं. एकोणचाळीस माणसं आपापल्या आकड्यावर थांबलेली असताना एकट्याने तिसरी मागायची म्हणजे काय, हे ज्याने कधी असं पाहिलं नसेल त्याला कळणार नाही. त्यांनी ताटातला शेवटचा रस्सा बोटाने पुसून घेतला आणि म्हणाले, झालं.

अडीच वाजता हिशोब लागला. केलेल्या रोट्या दोनशे शेहेचाळीस; गेलेल्या ऐंशी. (वहिनी अजून बसायच्या होत्या, त्यांच्या दोन धरल्या की बरोबर ब्याऐंशी.) भाताचं मोठं पातेलं दोन-तृतीयांश भरलेलं, रश्श्याचं तसंच. गोड खरोखरच चवीपुरतं गेलं होतं. एकतीस वर्षांत कुठल्याही विभागाची मागणी आणि वापर असा जुळला नव्हता. फॉर्म शंभर टक्के खरे ठरले होते; खोटा ठरला तो एकटा संकोच-गुणांक. दादांना याचा आनंद मानावा की काय करावं ते कळेना. एक मात्र नक्की होतं, यंदा कमी काहीही पडलं नव्हतं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती आपल्या वडिलांच्या हातांकडे पाहत होती.

वहिनींनी त्या सबंध दुपारी एकही कार्ड वाचलं नव्हतं. त्यांनी फक्त ते रश्श्यातून फिरलेलं बोट पाहिलं. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, माझं शिवणाचं मशीन टाके सोडतंय, जरा बघता का? मास्तर लगेच उठले. वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, पण मशीन तिथे नव्हतं. तिथे ओट्याशेजारच्या पाटावर एक ताट वाढून ठेवलं होतं आणि समोर दुसरं.

"बसा मास्तर. मलाही जेवायचंय, आणि मला एकटीला जात नाही," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटलं.

तव्यावर गरम करून त्यांनी एक रोटी मास्तरांच्या ताटात टाकली. मास्तर मान वर न करता जेवू लागले. ती गेली तशी आणखी एक आली; ती त्यांनी रश्श्यात पुरती बुडवली. त्यानंतरची आली तोवर त्यांनी सदऱ्याच्या बाह्यांची बटणं सोडून बाह्या वर सारल्या होत्या आणि ते बोलायला लागले होते. गिऱ्हाइकं पोट आत ओढून माप देतात, असं ते सांगत होते. म्हणून मी टेप लावतो आणि मुलांचं कसं चाललंय असं काहीतरी विचारतो. माणूस बोलायला लागला की पोट आपल्या जागेवर येतं, मग आकडा घ्यायचा. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हसता हसता त्यांनी पुन्हा एक रोटी वाढली आणि ती कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. मास्तर म्हणाले, घरी एकट्याने गिळायचं म्हणजे नुसतं काम असतं हो.  वहिनींनी अजून एक रोटी टाकून तिच्यावर भाजी वाढली.

तेवढ्यात दादा दार ढकलून आत आले. ते वहिनींच्या दोन रेघा मारायला आले होते. समोरचं दृश्य पाहून ते उंबऱ्यातच उभे राहिले, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. मास्तर जेवत होते. खरोखरचं, पोटभर, बाह्या सारून जेवत होते. महिनाभराचं सगळं त्यांना भरून पावलं. हे आत्ताच्या आत्ता धाकटीला दाखवायला हवं, तिची खात्री पटायला हवी, आणि खात्री पटायची तर काहीतरी लेखी हवं. वहिनी तव्यावरची रोटी चिमट्याने उचलून मास्तरांच्या ताटाकडे वळल्या. दादांचा हात कानावर गेला. त्यांनी मास्तरांचं कार्ड खिशातून काढलं आणि मोजण्यासाठी त्यांचे ओठ हलू लागले.

मास्तरांनी वर पाहिलं. पेन्सिल पाहिली, कार्ड पाहिलं. बोलणं होतं तिथे तुटलं. त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"बस, वहिनी. पोट भरलं."

चिमट्यातली रोटी तशीच तव्यावर परत गेली. दादांच्या मागे धाकटी उभी होती. ती कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं.  तिने बाहेर जाऊन बाबांची कापडी पिशवी उचलली, खोळी काढून खुर्चीवर ठेवल्या, आणि मुलांना चपला घालायला सांगितल्या. मास्तर बाह्यांची बटणं लावत सगळ्यांना सांगत होते की जेवण फार छान झालं, फारच छान. जिन्याच्या तोंडाशी धाकटा थांबला. इतक्या वर्षांत तो या दारातून बाहेर पडताना दरवेळी 'येतो दादा' म्हणाला होता. आज म्हणाला, निघतो. दादा हातात पेन्सिल धरून जिन्यात उभे राहिले आणि त्यांना रडू आलं, पण आपलं नेमकं कुठे चुकलं ते काही केल्या सापडेना. कमी तर काहीच पडलं नव्हतं.

आता दादांना नावं ठेवायला कुणालाही फार वेळ लागणार नाही. जेवणाऱ्या माणसाच्या रोट्या मोजतो, हा काय माणूस आहे? अशा माणसाबद्दल वाचताना आपण किती वेगळे, या विचाराने तुम्हाला बरंही वाटलं असेल. वाटू द्या. फक्त एक लहानशी गोष्ट. स्वयंपाकघरात मास्तरांनी किती रोट्या खाल्ल्या, हे वर कुठेही लिहिलेलं नाही. कुणी विचारलेलंही नाही. तरी आकडा तुमच्यापाशी तयार आहे, आणि शंका असलीच तर एवढीच, की बाहेरच्या दोन त्यात मिळवायच्या की नाही.